काचवाल्याचा राग कुठे राहतो

तिला घरात सगळे चौकशीबाई म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बसमध्ये शेजारच्या बाईच्या पिशवीत काय आहे हे कळेपर्यंत तिला चैन पडत नसे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ती विचारायची, कुठे दुखतंय ते या गोळीला कसं कळतं? प्रार्थनेला बसली तरी देवाकडे मागणं कमी आणि विचारणं जास्त. प्रभू येशू तिला मनापासून आवडायचा तोही त्यामुळेच. तो भेटेल त्याला प्रश्न विचारायचा आणि विचारून झाल्यावर उत्तराची वाट बघायचा. वाट बघणं हे काही तिला स्वतःला फारसं जमत नव्हतं.

पण एवढ्या चौकशा करणाऱ्या या बाईला स्वतःच्या नवऱ्याचं कोडं काही सुटलं नव्हतं. नवरा काचवाला. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी, सगळं करायचा. माणसाच्या उंचीची काच दोन्ही हातांत धरून तो दुकानभर असा चालायचा, की झोपलेलं मूल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेतोय असं वाटावं. आणि घरी याच माणसाचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. चहा गार झाला, पेपर सापडला नाही, दार नीट लागलं नाही, कारण कुठलंही चालायचं. आधी कान लाल व्हायचे, मग मान, आणि मग तोंड सुटायचं. हात त्याने कधी कुणावर उगारला नाही. हे तो अभिमानाने सांगायचा, जसं काही हात न उगारण्याबद्दल बक्षीस मिळतं. थोड्या वेळाने सगळं विसरून 'चहा टाक गं' म्हणत स्वयंपाकघरात यायचा. म्हणायचा, "मी असा फटकळ, पण माझ्या पोटात काही नसतं." ते खरंच होतं. त्याच्या पोटात काही उरायचंच नाही, सगळं बायकोच्या आणि मुलीच्या पोटात गेलेलं असायचं.

मुलगी एकच, नुकतीच कॉलेजात गेलेली. एका संध्याकाळी तिने ओला टॉवेल बापाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. टॉवेलावरून गोष्ट तिच्या वेंधळेपणावर गेली, तिथून मार्कांवर, तिथून मैत्रिणींवर, आणि शेवटी तो ओरडला, "तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं!" मुलगी वळली. आत गेली, बॅग भरली आणि मावशीकडे निघून गेली. टॉवेल होता तिथेच राहिला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत भाकर वाटण्याआधी पास्टर नेहमीसारखे थांबले. कुणाच्या मनात कुणाबद्दल काही असेल तर आधी त्या माणसाशी समेट करा, मग भाकरीला हात लावा, अशी त्यांच्या मंडळीची रीत. लोक उठून एकमेकांपाशी जात, हात हातात घेत. काचवाला जागच्या जागी उभा राहिला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मी पापी आहे, माझ्या जिभेने माझं घर जाळलं, असं म्हणाला. लोकांचे डोळे पाणावले, एका आजोबांनी त्याला मिठी मारली. घरी येताना त्याचा चेहरा अगदी हलका झाला होता.

"आता तिला फोन कर," तो जिना चढता चढता म्हणाला. "सांग, झालं गेलं विसरून जा. देवाने मला माफ केलंय."

"केलं असेल," ती म्हणाली. "पण ते वाक्य तुम्ही देवाला कुठे म्हणाला होतात?"

त्याचे कान लाल झाले, आणि जिन्यात उभं राहून त्याने तिला दोन मजल्यांना ऐकू जाईल असं सुनावलं.

फोन मुलीचाच आला. मावशीकडून कळलं होतं तिला. "बाबा चर्चमध्ये रडले म्हणे."

"हो, रडले."

"मग बदललेत का?" ती म्हणाली. "आई, खरं सांग हं. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस. तू सांगितलंस तर मी येते, नाहीतर मी इथेच राहून कॉलेज करते. मावशी हो म्हणाली आहे."

हो म्हटलं तर लेक घरी येणार, आणि पुन्हा तेच झालं तर आईच्या शब्दावरसुद्धा ती परत कधी विश्वास ठेवणार नाही. नाही म्हटलं तर ती गेलीच. "मला थोडे दिवस दे," ती म्हणाली. "मी बघून सांगते."

बघायचं म्हणजे काय बघायचं? घरातला राग तिला तोंडपाठ होता. दुकानातला तिने कधी पाहिलाच नव्हता. मग तिला नवल वाटलं, की हा माणूस दिवसभर गिऱ्हाइकांना तोंड देत असतो, तिथे याचा राग कुठे राहतो? डब्यात घालून नेतो की काय? दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता दुकानात गेली. दुकानाचे मालक म्हणजे दादा, वयाने थकलेले, डोळ्यांनी अधू आणि कानांनी पक्के. त्यांनी तिला मागच्या बाजूला, उभ्या लावलेल्या काचांच्या पलीकडे एका स्टुलावर बसवलं. नवरा पुढे टेबलाशी पाठमोरा होता.

तिचं नशीब बघा, पहिलंच गिऱ्हाईक फणकारत आलं. याने कापून दिलेला आरसा चौकटीत बसत नव्हता. चूक गिऱ्हाइकाची होती, मापं त्यानेच लिहून दिलेली, पण ते ऐकतो कोण! "धंदा येत नाही तर दुकान कशाला उघडता? आंधळे आहात का? चोर साले!" असं काय काय तो बोलला. काचवाल्याचे कान लाल झाले. मग मान. स्टुलावर बसलेल्या तिने पदर घट्ट धरला आणि आता ऐकावं लागणार म्हणून डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही. तिने डोळे उघडले तर नवऱ्याने हातातलं कटर खाली ठेवलं होतं. हातमोजे काढून बाजूला ठेवले. "एक मिनिट हं," असं म्हणून तो टेबलापासून लांब, भिंतीच्या कोपऱ्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाजूने त्याचे ओठ हलताना दिसत होते. मग वळून आला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमची चौकट घरी कशी लावली आहे, ते मला पहिल्यापासून सांगा बरं." गिऱ्हाईक बडबडत बडबडत सांगू लागलं, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं की माप घेताना त्याने चौकटीच्या कडाही धरल्या होत्या. ओशाळला बिचारा.

तिची बोटं तोंडात. हा कोण माणूस?

"नेहमी असं करतो," दादा तिच्या कानाशी म्हणाले. "रागात असताना काचेला हात लावायचा नाही, हा आपल्या धंद्यातला पहिला धडा. हात थरथरला की रेघ वाकडी जाते, काच वाया जाते आणि वर बोट कापतं. हा नवा होता तेव्हा फार तापट. मी म्हटलं, कटर ठेव आणि लांब हो. तर म्हणतो, लांब होऊन काय करू? म्हटलं, चर्चला जातोस ना, मग प्रार्थना कर. तेव्हापासून चालू आहे."

"काय म्हणतो प्रार्थनेत?"

"'देवा, माझं तोंड धर.' एवढंच. मोठी प्रार्थना केली तर गिऱ्हाईक निघून जाईल ना!" दादा हसले.

तिला हसू आलं नाही. ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि रस्त्याला लागेपर्यंत तिचे स्वतःचे कान तापले होते. इतकी वर्षं तिची समजूत होती की याला जमतच नाही. स्वभावाला औषध नाही म्हणून तिने सोडून दिलं होतं, मुलीलाही तेच शिकवलं होतं. आणि याला तर येत होतं! रोज येत होतं! परक्या माणसाच्या आरशासाठी देवाचा धावा, आणि पोटच्या पोरीच्या वेळी देव काय सुट्टीवर? घरी येईल तेव्हा त्याला कसं धारेवर धरायचं, कुठून सुरुवात करायची, याची वाक्यं ती चालता चालता जुळवत होती. एकाहून एक झणझणीत जमत होती, आणि खरं सांगायचं तर मजाही येत होती.

चौकात रस्ता ओलांडायला थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर तिला नको आहे. प्रश्नांच्या दोन जाती असतात. एक विचारायचे, दुसरे मारायचे. तिने जमवलेले सगळे दुसऱ्या जातीचे होते. प्रभू असा विचारायचा का कधी? तिने तिथेच, गाड्यांच्या गोंगाटात, डोळे उघडे ठेवून देवाला म्हटलं, "मला खूप राग आलाय. तो काही आत्ता जाणार नाही. पण मला खरं काय ते कळू दे." मग ती घरी गेली आणि भांडी घासत बसली, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "अहो, दुकानात कोपऱ्यात जाऊन तुम्ही प्रार्थना करता, ती घरी का करत नाही?"

त्याचा घास हातातच राहिला. "तू दुकानात आली होतीस?"

"हो."

"माझ्यावर पाळत ठेवतेस?" कान लाल. "लाज नाही वाटत? दादांसमोर माझी शोभा..."

"पाळत ठेवली, चुकलं असेल माझं. पण मला खरंच कळून घ्यायचंय," ती म्हणाली. "टोमणा नाही मारत. घरी का नाही?"

आणि ती थांबली. तिच्या जिभेवर निदान चार वाक्यं तयार होती, ती तिने पाण्याबरोबर गिळली. त्याने ताट ढकललं. तोंड उघडलं. मग खुर्ची मागे सारून तो उठला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत ती एकटी, ताटातलं निवत चाललेलं अन्न बघत. जाऊन ओठ हलताहेत का ते बघावं असं तिला फार वाटत होतं, पण ती जागची हलली नाही.

तो परत आला तेव्हा खुर्चीवर बसला नाही, खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. "सांगू? तुला राग येईल."

"तो आधीच आलाय. सांगा."

"गिऱ्हाईक एकदा दुखावलं की परत येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही... तुम्ही कुठे जाणार आहात, असं वाटायचं."

तिला रडू आलं. वाईट वाटलं म्हणून आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं उत्तर मिळालं म्हणूनही. तोही रडत होता, पण चर्चमध्ये रडला होता तसा नाही. आवाज नव्हता.

डोळे पुसल्यावर त्याची गाडी लगेच मूळपदावर आली. "मग सांग ना तिला, बाबा बदलले म्हणून."

"एकदा गॅलरीत गेलात म्हणून बदललात?" ती म्हणाली. "मी जे पाहिलं तेवढंच सांगणार."

तिने फोन केला आणि पाहिलं तेवढंच सांगितलं. दुकानातला कोपरा, गॅलरी, आणि गिऱ्हाईक परत येत नाही हे त्याचं वाक्यसुद्धा. ते शेवटचं ती सांगत असताना तो समोर मान खाली घालून ऐकत होता, पण त्याने फोन हिसकावला नाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांना इकडे घेऊन ये. मला विचारायचंय." मुलगी आईवर गेली होती.

दुसऱ्या दिवशी मावशीने दार उघडलं आणि मेहुण्याला 'या' न म्हणता नुसती बाजूला झाली. मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. तो खुर्चीवर बसला. "देवाने मला..." अशी त्याने सुरुवात केली, बायकोकडे पाहिलं आणि ते सोडून दिलं.

"मी तुला म्हणालो होतो, की तू जन्माला आली नसतीस तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "ते खोटं होतं. मला माहीत होतं ते खोटं आहे. तुला लागावं म्हणूनच बोललो."

"लागलं," मुलगी म्हणाली.

"हो."

"पुन्हा राग आला तर काय करणार?"

"बाहेर जाईन. गॅलरीत. प्रार्थना करीन."

"आणि नाही जमलं तर?"

मावशी दाराला टेकून उभी होती. जमेल, नक्की जमेल, देव शक्ती देईल, असं तो म्हणेल असं आईला वाटलं, आणि त्याच्याही ते ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं.

"नाही जमलं तर तू इकडे ये," तो म्हणाला. "मी सोडायला येईन. बॅग मी धरीन."

मुलीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तपासून घ्यावं तसं पाहिलं, आणि तोही पाहू देत बसला.

"रविवारी जेवायला येते," ती म्हणाली. "राहायला नाही. बघते."

"बरं," तो म्हणाला. "बघ."