पेटीवाल्याच्या दुकानातली पहिली मिस्सा

चर्चच्या कचेरीतल्या कारकुनाची आई जाऊन पाच आठवडे झाले होते. तेव्हापासून त्याला काही वाटत नव्हतं. चहा गरम आहे की गार, हेही तो वाफ बघून ठरवायचा. चर्चच्या शंभरीनिमित्त इतिहास लिहायचं काम गळ्यात पडलं, तेव्हाही काही वाटलं नाही.

इतिहास जुन्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर होता. पहिल्या फादरांनी लिहिलं होतं: 'कोणी जागा देईना. आज शवपेट्या बनवणाऱ्या सुताराच्या दुकानात पहिली मिस्सा झाली. वेदी म्हणून एक मोठी पेटी घेतली. लोक मध्यम आकाराच्या पेट्यांवर बसले. लहान पेट्यांवर कोणीही बसलं नाही.'

"हे छापायचं?" समितीचे अध्यक्ष ओरडले. "बिशप येणार आहेत! 'एका प्रशस्त सभागृहात' असं लिही."

"पण आपले पेटीवाले काका त्याच सुताराचे नातू..."

"म्हणूनच! त्यांना पाहिलं की नको ते आठवतं."

आठवायचं खरं. काका रविवारी आठ जणांच्या बाकावर एकटेच बसत. मिस्सेच्या प्रार्थनेत शेजाऱ्याचा हात हातात घेऊन शांती द्यायची वेळ आली, की ते शेजारच्या खांबाकडे बघून मान हलवत. खांब तसा सभ्य होता.

कारकुनाने 'प्रशस्त सभागृह' टाइप केलं. काही वाटलं नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी तो दुरुस्तीला दिलेली खुर्ची आणायला काकांच्या दुकानात गेला. काकांनी रंधा खाली ठेवला.

"आजोबांचं आलं का रे पुस्तकात?"

"नाही काका. सभागृह आलंय."

"कुठलं?"

"प्रशस्त."

काकांनी दुकानभर नजर फिरवली. "पेट्या बाहेर काढल्या तर होईल." मग म्हणाले, "नावाचं सोड. पण सगळी दारं बंद असताना एक दार उघडं होतं, हे पोरांना कळायला नको? नाहीतर उद्या कोणी आपल्या दारात येईल, आणि आपण दार लावून आत इतिहास वाचत बसू!"

कारकुनाला भलतंच आठवलं. "काका, आईच्या पेटीला तुम्ही आतूनही रंधा मारला होतात. कोण बघणार होतं?"

"तुझ्या आईला खरखरीत काही चालायचं का?"

सोहळ्याच्या मिस्सेत कारकून वाचायला उभा राहिला. त्याने छापील पुस्तिका मिटली, नोंदवही उघडली, आणि ते पान वाचलं. 'लहान पेट्यांवर कोणीही बसलं नाही,' इथे तो थांबला. अध्यक्षांनी चष्मा काढला. त्यांच्या घरूनही एक लहान पेटी गेली होती. काकांच्याच दुकानातली.

शांती द्यायची वेळ आली. अध्यक्ष पहिल्या बाकावरून उठून थेट काकांच्या बाकापर्यंत चालत गेले! त्यांनी दोन्ही हातांनी काकांचा हात धरला. काकांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"माप घेताय की काय?"

"सवय हो. तुम्हाला अजून वेळ आहे."

मागोमाग कारकुनाने हात पुढे केला. काकांचा हात खरखरीत होता. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी जाणवलं!

वाचकहो, जो माणूस शेवटी आपल्या सगळ्यांच्या उपयोगी पडणार, त्याच्या शेजारी बसायला जिवंतपणी कसली लाज? या रविवारी आपल्या आसपासचे बाक जरा नीट बघा. आपण कोणाला खांबाच्या भरवशावर सोडलेलं नाही ना?