मागच्या चाकांतली हवा

राजलक्ष्मीचे वडील मानसिंग कळंबोलीच्या लोखंड बाजारात पंचवीस वर्षं ट्रकच्या टायरांचं काम करत होते. साताऱ्याहून आले ते दुसऱ्याच्या दुकानात. पुढे स्वतःचं टाकलं. टायरवर पाय दाबून आत हवा किती हे ते अंदाजाने सांगायचे आणि ट्रकवाले मुकाट मान्य करायचे. त्यामुळे राजलक्ष्मीला गाडी पळवायचा नाद लागला तेव्हा हवा कोण भरणार, हा प्रश्नच आला नाही.

तळोज्याकडच्या एका कंटेनर यार्डात महिन्यातून एका रविवारी ऑटोक्रॉस व्हायची. रबरी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, वेळ मोजायची. सानपाड्याच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढणारी राजलक्ष्मी आपली जुनी हॅचबॅक घेऊन तिथे जायची. करावे गावची उन्नती, तीही स्पर्धेत उतरणारी, तिथेच भेटली. वळणावर गाडीचं नाक सरळ जात असेल तर मागच्या चाकांत हवा थोडी वाढव, हे तिनेच सांगितलं. मागची चाकं जराशी घसरतात आणि नाक आत येतं.

जानेवारीत राजलक्ष्मीने पहिल्यांदाच पुढच्या चाकांत छत्तीस आणि मागच्या चाकांत चाळीस पाउंड हवा घेतली. एका वळणावर गाडी गरकन फिरली, पण नंतरच्या फेरीत तिने आजवरची सगळ्यात चांगली वेळ दिली. त्या दिवशी मानसिंगही बघायला आले होते.

त्यानंतर काय बिघडलं ते कळेना. आकडे तेच, वडील पहाटे दुकानात हवा भरून द्यायचे तेही तसंच. पण गाडी वळायलाच तयार नव्हती. एप्रिलमध्ये तिने मागे बेचाळीस भरायला सांगितली, तरी फरक नाही. तिला वाटलं, आपणच जानेवारीतल्या त्या गिरकीनंतर घाबरलोय, हातच चालत नाहीत. ती आपल्या फेऱ्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघायची. घरी आई, राहीबाई, जेवायला वाढून वाट बघायची आणि ही ताटावरही तेच व्हिडिओ बघत बसायची. या काळात तिने एक युक्ती शोधली. ऐन वळणात ॲक्सिलेटर एकदम सोडायचा आणि स्टिअरिंगला हिसका द्यायचा. गाडी कशीबशी वळायची. चार महिन्यांत ती सवयच झाली.

मे महिन्यातल्या स्पर्धेला उन्नतीने तिच्या टायरांच्या कडेला खडूने रेघा ओढल्या. पहिली फेरी संपली तेव्हा मागच्या चाकांवरचा खडू पार खालपर्यंत पुसला गेला होता. हवा कमी असल्यासारखा टायर आडवा लोळत होता. उन्नतीने आपलं हवा मोजायचं गेज लावलं. तीस. दुसऱ्या चाकातही तीस.

"पंक्चर असतं तर एकात कमी असती," ती म्हणाली. "दोनी चाकांत सेम हाय. कुनीतरी मोजून ठेवलीय."

राजलक्ष्मीने स्वतः तीनदा मोजून पाहिलं. मग उन्नतीचा छोटा पंप घेतला आणि चाळीस भरली. आता पुढची फेरी सावकाश मार, असं उन्नतीने बजावलं होतं. ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. तिसऱ्या वळणावर तिचा पाय सवयीने ॲक्सिलेटरवरून उठला, हातांनी हिसका दिला, आणि मागची बाजू झाडूसारखी फिरली. पडलेले कोन उभे करायला थांबलेले श्यामसुंदरकाका बाजूला उडी मारताना सिमेंटवर आपटले. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली होती.

आयोजकांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की ऐनवेळी हवा मी बदलली, चूक माझी. त्यांनी तिच्यावर दोन स्पर्धांची बंदी घातली. ती तिथून काकांबरोबर हॉस्पिटलमध्ये गेली, त्यांची मुलं आल्यावर निघाली आणि सरळ दुकानात आली.

मानसिंग पहारीने टायर रिमवरून उतरवत होते.

"अण्णा, मागच्या चाकांत तीस होती."

"व्हय," ते म्हणाले. हात थांबले नाहीत.

"मी बेचाळीस सांगितली होती."

"जानेवारीत मी बघ्यांच्या दोरीपाशी उभा होतो. तुझी गाडी फिरली आन् तोंड माझ्याकडं करून थांबली. मला वाटलं, संपलं. आन् तू दार उघडून हसत उतरलीस." त्यांनी पहार रिमच्या कडेत खुपसली. "त्या हसण्याला मी भ्यालो, पोरी. मागची चाकं जमिनीला घट्ट ऱ्हायली तर गाडी फिरणार न्हाई, एवढंच बघितलं."

मग मला सांगायचं होतं, असं ती म्हणाली. सांगून तू ऐकलं असतंस का, असं त्यांनी विचारलं.

"पण चार महिने मी त्या गाडीवर शिकले," ती म्हणाली. "चुकीचं शिकले. आज त्यामुळे एका माणसाचा पाय मोडला."

मानसिंगांनी पहार खाली ठेवली. कोण माणूस, वय किती, कुठे ठेवलंय, एवढंच विचारलं. पुढचे पंधरा दिवस जेवण झालं का, हेही बापलेक एकमेकांना राहीबाईंमार्फत विचारायचे.

राजलक्ष्मीने स्वतःचं गेज आणलं आणि सुरुवातीपासून शिकायला घेतलं. शनिवारी यार्ड मोकळं असे. उन्नती कोन मांडायची. बत्तीसपासून दोन-दोनने वाढवत, दर फेरीनंतर खडू बघत ती मागच्या चाकांसाठी अडतीसवर आली. तिथे गाडी वळत होती आणि हातातही राहत होती. आकडा सापडला, पाय मात्र अजून ऐकत नव्हता. वळण आलं की तो आपोआप उठायचा आणि तिला श्यामसुंदरकाका पडताना दिसायचे.

एका दुपारी काकांचाच फोन आला. पायाला प्लास्टर होतं, आवाज ठीक होता.

"तुझे वडील येऊन गेले," ते म्हणाले. "तासभर माझ्या प्लास्टरकडे बघत बसले. निघताना दारात म्हणाले, हवा मी कमी ठेवली होती, पोरीनं आपल्या अंगावर घेतलं. मला राग आला, खोटं कशाला बोलू? मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही."

तिने काकांची माफी मागितली. ते म्हणाले, बघू.

ऑगस्टमध्ये बंदी संपली. स्पर्धेच्या सकाळी ती निघाली तेव्हा मानसिंग दुकान उघडून हवेचा पाइप हातात घेऊन उभे होते. तिने गाडी आत घेतली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"पुढे छत्तीस, मागे अडतीस."

त्यांनी चारही चाकांत हवा भरली. ती खाली उतरली, पिशवीतून आपलं गेज काढलं आणि त्यांच्यासमोर एकेक चाक मोजलं. चारही आकडे बरोबर होते. ती मोजत असेपर्यंत ते पाइप गुंडाळत राहिले. तिने गेज पिशवीत ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "मोजत जा. दर वेळी मोजत जा."

"हो," ती म्हणाली. गाडी रस्त्याला लागली आणि पहिल्याच वळणावर तिने पाय ॲक्सिलेटरवरून उठू दिला नाही.