सवड नसलेलं काम

निलोफरचं परीक्षेचं पुस्तक इतकं जाड होतं की बसमध्ये तिनं ते मांडीवर उघडलं की शेजारची बाई आधी जराशी सरकून बसायची आणि मग विचारायची, "काय व बाई, डॉक्टरीन होऊन राह्यली काय?" निलोफर हसायची आणि पान उलटायची. डॉक्टरकी सांगायला सोपी. काम ठरवायचं कसं, वेळेत पुरं करायचं कसं आणि हातावेगळं करायचं कसं, याची सुद्धा एक परीक्षा असते, ती इंग्रजीत असते आणि तिचं केंद्र थेट हैदराबादला आहे, हे दारव्ह्याच्या गाडीत कुणाला समजावणार?

पुसदला स्थापत्याचा डिप्लोमा करून तिनं गावोगावी बंधारे आणि टाक्या बांधण्याची कामं केली होती. आता बोरी अरबच्या पुढं, टेकाडावरच्या एका तांड्यासाठी उपसा योजना चालली होती, तिची ती प्रकल्प अधिकारी. कापसाच्या पडझडीची वर्षं होती. पाहणीच्या गाड्या गावात धूळ उडवत यायच्या, माना हलवून जायच्या. त्यातच मुंबईच्या एका कंपनीनं निलोफरच्या संस्थेला पैसा दिला. खाली नदीच्या बंधाऱ्यात पाणी उभं असायचं आणि वर तांड्याची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, पावसाच्या एका ताणात वाळायची. ते पाणी पंपानं वर चढवायचं, एवढंच काम. कागदावर तर अगदी सोपं.

पाइपासाठी चर खोदायचं तांड्यानं अंगावर घेतलं होतं. बचतगटाची अध्यक्ष रामीबाई, तिला सगळा तांडा 'याडी' म्हणजे आई म्हणायचा, हातात टिकाव घेऊन सगळ्यांच्या पुढं. दरवर्षी दिवाळीनंतर हा तांडा ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी टोळी न्यायला आलेल्या मुकादमाला रामीबाईनं परत पाठवलं. "औंदा आमी आमचंच खोदतो," असं ती त्याला म्हणाली होती, आणि हे सांगताना तिच्या तोंडावर जे हसू यायचं ते निलोफरला फार आवडायचं.

जानेवारीतल्या एका रविवारी निलोफर घरी अभ्यासाला बसली होती. पुस्तकातली उदाहरणं परक्या देशातली, विमानतळांची आणि मोठमोठ्या इमारतींची. ती डोक्यात बसेनात म्हणून तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं आपल्याच योजनेची कामं चौकोनांत लिहिली आणि कोणतं काम कोणावर अडून आहे ते बाणांनी जोडायला लागली. तिचे वडील जफर दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. ते चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले.

"ये क्या निकाला बेटा?"

"कामं आहेत अब्बा. काही कामांना सवड असते, थोडी लांबली तरी चालतं. काहींना बिलकूल नसते. ती लांबली की सगळंच लांबतं."

जफर चौकोनांवर वाकले. "जिनात पट्टा तुटला तर सारं बंद. बल्ब गेला तर चालून जाते. असंच न?"

"हां, असंच."

"मग तुझा पट्टा कोणता?"

निलोफरनं बाणांवरून बोट फिरवलं. आजवर तिला वाटत होतं की चर हेच मोठं काम. मुरूम कडक होता, माणसं दमत होती, संस्थेचं सगळं लक्ष तिकडंच. पण प्रत्येक कामाला लागणारे दिवस मांडल्यावर सगळ्यात लांब वाट चराची निघाली नाही. ती निघाली विजेची. अर्ज, पाहणी, मंजुरी, खांब, तारा आणि शेवटी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्या वाटेवर सवड शून्य होती, आणि त्या वाटेवर अजून एकही माणूस कामाला लागलेला नव्हता. अर्ज गेला होता, तेवढंच.

"अब्बा," ती म्हणाली, "पट्टा तर अजून दुकानातूनच नाही आला."

दुसऱ्या दिवशी ती यवतमाळला हरिसिंग सरांकडे गेली. सर संस्थेचे प्रमुख. स्वतः पुसदकडच्या तांड्यात वाढलेले, ऊस तोडून शिकलेले. त्यांनी कॅलेंडरचा कागद टेबलावर पसरून शेवटपर्यंत पाहिला.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले.

"सर, डिझेल इंजिन घेऊन ठेवू. वीज येईपर्यंत त्यावर भागेल. बदलाचा प्रस्ताव मी लिहिते."

"लिही. मी पाठवतो वर. पण कंपनीवाले नाही म्हणतील. त्यांना विजेचा पंप दाखवायचा आहे, डिझेलचा नाही. आणि मार्चला त्यांचं वर्ष संपतं. जे काय व्हायचं ते मार्चच्या आत."

"आणि वीज मार्चनंतर आली तर?"

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तर मग येईल तेव्हा येईल, निलोफर."

प्रस्ताव गेला आणि परत आला. व्याप्तीबाहेरचा खर्च मान्य करता येत नाही, असं त्यावर आलं होतं. भाषा थेट तिच्या पुस्तकातली होती. पुस्तकात धोक्याला तोंड द्यायचे मार्ग दिले होते. धोका टाळा, दुसऱ्यावर सोपवा, कमी करा, नाहीतर स्वीकारा. टाळणं हातात नव्हतं, आणि कमी करायची वाट आता बंद झाली होती. उरलेल्या दोन मार्गांवर ती बराच वेळ अडकून बसली. धोका सोपवला गेला होता आणि स्वीकारलाही गेला होता. ज्यांच्यावर तो सोपवला होता, त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून ती चरावर गेली. बायका सावलीत भाकरी खात बसल्या होत्या. निलोफरनं काही लपवलं नाही. पाइप होतील, पंप बसेल, पण वीज कधी येईल ते सांगता येत नाही. पेरणीपर्यंत आली नाही तर पाणीही नाही.

रामीबाईनं पाण्याचा गडू खाली ठेवला. "मंग आमी खोदू का नोको? तेवढं सांग."

मुकादम केव्हाच दुसऱ्या तांड्याची टोळी घेऊन गेला होता. आता टिकाव खाली ठेवला तरी ऊस हातून गेलेलाच होता.

"खोदा," ती म्हणाली.

"मंग झालं," रामीबाई उठली. "कायले जीव जाळतं पोरी? आमाले कोणी आजलोक येवढं बी सांगतलं नाई."

त्यानंतर निलोफर विजेच्या ऑफिसात खेटे घालू लागली. तिथला इंजिनिअर काही वाईट माणूस नव्हता. तो तिला चहा पाजायचा. "मॅडम, तुमचं मंजूर आहे. पण सामानच नाही तर मी काय लावू? माझ्याकडे अख्खा तालुका वाट पाहून राह्यला." एकदा त्यानं तिला मागच्या आवारात नेलं. गवतात पाच-सहा जळालेल्या डीप्या पडल्या होत्या. "हे बघा माझं सामान," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

मार्चात उद्घाटन झालं. मुंबईचे पाहुणे आले, रामीबाईनं ओवाळलं, आणि भाड्याच्या जनरेटरवर पंप चालवून वरच्या हौदात पाणी पाडलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, काही जणींनी पाण्यात हात घातले. संध्याकाळी जनरेटर ट्रॅक्टरवर चढवून परत गेला. महिनाअखेर हरिसिंग सरांनी समाप्तीचा अहवाल निलोफरपुढं ठेवला. काम पूर्ण, लाभार्थी समाधानी.

"मी हे नाही लिहू शकत सर."

"मग मी लिहितो," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "नाही लिहिलं तर पुढच्या तांड्याचा पैसा येणार नाही. तिथं तर प्यायलाही पाणी नाही. सांग, काय करू?"

तिनं अहवाल सरांकडे परत सरकवला. तिचं कंत्राट योजनेबरोबरच संपलं होतं. सरांनी तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर काहीही हातचं न राखता सही केली आणि "परीक्षा चांगली दे" असंही म्हणाले.

जूनमध्ये चांगल्या दोन सरी आल्या आणि तांड्यानं कापूस टोबला. मग आभाळ कोरडं पडलं. जुलैत निलोफर तिथं गेली ती कुणी बोलावलं म्हणून नव्हे, घरी अभ्यासात मन लागेना म्हणून. दोन-चार पानांची रोपटी माना टाकून उभी होती. रामीबाई बांधावर बसली होती. खाली बंधाऱ्यातलं पाणी उन्हात चमकत होतं. ते तिथूनच दिसायचं, म्हणून रामीबाई त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"घागरीनं आणून टाकलं," ती म्हणाली. "पोरीसोरी, म्हातारे, सगळे लागले. येवढ्या रानाले पुरते काय थे? मंग सोडून देल्लं."

"मी परत जाते विजेच्या ऑफिसात."

"जाऊ नोको. गेलतो आमी. गावातले बी गेलते." तिनं एक रोपटं उपटलं, मुळाकडे पाहिलं आणि बाजूला ठेवलं. "परत टोबू. बी भेटलं तर."

परत टोबलं. तेही गेलं.

ऑगस्टात जफर लेकीला घेऊन हैदराबादला निघाले. तिथं त्यांची बहीण होती. परीक्षा संगणकावर होती, थंडगार खोलीत. मधेच एक प्रश्न आला. ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळेत आणि खर्चात काम पुरं झालं, पण ग्राहकाला ते वापरता येत नाही, तर व्यवस्थापकानं आधी काय करायला हवं होतं? चारही पर्याय निलोफरनं वाचले. बरोबर कोणता ते तिला चटकन कळलं. ते तिनं सगळं केलं होतं. तिनं त्यावर खूण केली आणि पुढं गेली.

शेवटी पडद्यावर उत्तीर्ण असा शब्द आला. बाहेर जफर फुटपाथवर उभे होते. तिच्या तोंडाकडे पाहून त्यांना वाटलं, परीक्षा गेली. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे बेटा, फिर देंगे."

"पास झाले अब्बा," ती म्हणाली, आणि तिथंच रडायला लागली. येणारे-जाणारे बघायला लागले तरी तिला थांबवता येईना.

दिवाळी झाल्यावर हरिसिंग सरांचा फोन आला. डीपी बसली होती. निलोफरला तोवर पुण्याच्या एका कंपनीचं बोलावणं आलं होतं, तिकडं जायची बांधाबांध चालली होती. "तू एकदा जाऊन चालू करून दे," सर म्हणाले. "आणि एक फोटो काढ. कंपनीनं मागितला आहे."

तांड्यातल्या बहुतेक दारांना कुलपं होती. रामीबाईचा म्हातारा सासरा उकंडा खाटेवर बसला होता. टोळी कर्नाटकच्या हद्दीजवळ गेली होती, औंदा दसऱ्याआधीच. रामीबाईचा गुडघा दुखत होता, तरी गेली.

"तुमची परीच्छा होती म्हणे," उकंडा म्हणाला. "रामी सांगे. झाल्या पास?"

"हो बाबा."

"बरं झालं," म्हातारा मनापासून म्हणाला आणि काठी टेकत तिच्याबरोबर निघाला.

वायरमन खाली पंपाच्या खोलीत होता. निलोफरनं वरून हात केला, त्यानं बटण दाबलं. पाइपातून आधी हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. हौद भरला आणि पाणी सरीत उतरलं. सरीत वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्या उभ्या होत्या, काही उपटून ढिगानं टाकलेल्या. पाणी त्यांच्या बुडाशी गेलं, भेगांत शिरलं, बुडबुडे आले. उकंडा वाकून बघत होता. त्यानं हात भिजवून तोंडावरून फिरवला.

"धार जोराची आहे," तो म्हणाला.

"हो."

"बंद करा आता. कोणाले पाजून राह्यलो?"

निलोफरनं फोटो काढला. त्यात पाणी आलं, काड्या आल्या, आणि कडेला म्हाताऱ्याची काठी आली. मग तिनं खालच्या वायरमनला हात केला. धार आखडत गेली. शेवटचं पाणी पाइपाच्या तोंडाशी थोडा वेळ ठिबकत राहिलं, आणि उकंडा ते संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.