पाणकणसांचा पट्टा

गडमुडशिंगीच्या आकारामतात्यांचा ऊस उतारावर होता. त्याच्याखाली पाणकणसांच्या उंच गवतानं आणि लव्हाळ्यानं भरलेली दलदल, आणि दलदलीपलीकडं तळं. त्या तळ्यात शालन आणि तिचा मुलगा संघर्ष मासे पाळत.

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात तात्यांची रेडी पाण्याच्या ओढीनं दलदलीत शिरली आणि रुतली. माणसांनी दोर लावून ओढून काढली, पण ती वाचली नाही. तिची आई मेल्यावर तात्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं जनावर ते. त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी जेसीबी बोलावला आणि सगळी दलदल मुरूम टाकून बुजवली. बायकोनं, झुंबरबाईंनी, अडवून पाहिलं. रानातलं तांबडं पाणी त्या गवतात थांबतं, गाळ खाली टाकतं आणि पलीकडं नितळ होऊन निघतं, हे त्या लग्न होऊन आल्यापासून बघत होत्या. पण तात्यांना ती जागा डोळ्यांपुढं नको होती.

पावसाळ्यात रानातली माती आणि उसाला घातलेला युरिया थेट तळ्यात उतरला. पाणी गढूळ राहिलं, मग हिरवंगार झालं, त्यावर शेवाळाचा थर आला. दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी मासे पोट वर करून काठाला लागले.

शालनला पाटीत मेलेले मासे भरताना तात्यांनी बांधावरून पाहिलं. ते खाली आले आणि मासे उचलू लागले. संघर्ष तोंड फिरवून निघून गेला.

शालन म्हणाली, "तात्या, रेडी गेली तवा मला बी लई वाईट वाटलं. पर त्या गवतानं तुमचं काय केलतं? रानाची घाण तेच धरून ठेवत हुतं."

तात्यांनी हातातला मासा पाटीत टाकला. मग म्हणाले, "राग कुणावर काढावा कळंना झालतं बघ."

थंडी सरल्यावर त्यांनी मुरूम उपसून काढला. शालननं ओढ्याकाठचे पाणकणसाचे गड्डे आणले, झुंबरबाईंनी गुडघाभर चिखलात उभं राहून ते लावले. जनावरं आत जाऊ नयेत म्हणून तात्यांनी भोवती तारेचं कुंपण घातलं. संघर्ष मात्र तिकडं फिरकला नाही.

पुढच्या पावसात पाणी पूर्ण निवळलं नाही. गवत अजून विरळ होतं. पण शेवाळ कमी आलं, आणि शालननं भीत भीत थोडी बोटुकली, बोटाएवढी माशांची पिल्लं, तळ्यात सोडली. ती जगली.

पहिलं जाळं ओढायच्या दिवशी तात्या लांब बांधावर उभे होते. संघर्षनं वर बघून हाक मारली,

"तात्या, एक टोक धरा की. एकट्याला ओढंना झालंय."


तात्या चपला काढून पाण्यात उतरले.