मागचा पाय

बाईसाहेब घोडीला मागे सरकवायचं नाही, हा नियम पागा सांभाळणाऱ्या तिनंच केला होता. घोडी मागे येताना कुरकुरायची. मग कशाला उगाच तिचा जीव खायचा? तिनं मधली फळी काढून दोन ठाणांचं एक केलं. घोडी आतल्या आत वळून तोंड पुढे करूनच बाहेर येऊ लागली.

नालबंद दीर चिडवायचे, "वहिनी, लेकीचे तरी एवढे लाड करता का?"

"लेक लाथा झाडत नाही, भावजी."

"झाडेल हो. चालू तर लागू दे!"

लेकीची तिला सदा धास्ती. झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून ती श्वास बघायची. घोडीकडे तेवढं कधी बघितलं नाही.

दोन वर्षांनी, नाल ठोकताना घोडीचा मागचा पाय थरथरत वर गेला आणि खाली येईचना. दिरांनी हातोडी ठेवली. "हा नखरा नाही, वहिनी."

डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "मागे घ्या."

तिनं घोडीच्या छातीवर हात ठेवून रेटलं. मागचा पाय पोटापर्यंत उचलला गेला, बाहेर वळून लटलटत राहिला. शेपूट ताठ. घोडी घामाघूम होऊन भिंतीला टेकली.

"मेंदूचा हुकूम पायाला नीट पोचत नाही. हे वाढतच जातं. सुरुवातीला फक्त मागे चालताना दिसतं. तुम्हाला कधीच दिसलं नाही?"

दिसू कुठं दिलं होतं तिनं?

"आधी कळलं असतं तर?"

"बरी झाली नसती. थोडे दिवस जास्त मिळाले असते, कदाचित."



पुढे घोडी सरळ चालतानाही पडू लागली. पागेचे मालक म्हणाले, इथं मुलं घोडेस्वारी शिकायला येतात, कायमचं झोपवायचं इंजेक्शन दवाखान्यातच द्या. गाडी आली. अरुंद, एकाच दाराची.

"मागे येते ना? उतरवताना तसंच यावं लागेल," ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही येत."

"मग उतरवायची कशी?"

दीर खाली बघत म्हणाले, "उतरवायची नाही. डॉक्टर आत चढतील."

ड्रायव्हरनं ओढलं तर घोडी चढायच्या फळीवर पाय ठेवीना. मग तिनं स्वतः दोरी हातात घेतली, तशी घोडी निमूट मागोमाग चढली. ही नेईल तिथं वळायला जागा असतेच, एवढं तिला ठाऊक होतं.

आत गेल्यावर घोडीनं सवयीनं मान वळवली. ती बाजूच्या फळीवर आपटली. तिनं पुन्हा वळवून बघितली.