पहिली आच

नोकरी लागली, राहायला खोली मिळाली, खोलीत ओटा होता, ओट्यावर शेगडी होती. तिच्यावर ठेवायला मात्र माझ्याकडे एक भांडं नव्हतं. महिनाभर बाहेरचं खाल्लं. पोट बिघडलं आणि पाकीटही.

मग बाजारातल्या मोठ्या दुकानात गेले. बारा भांड्यांचा चकचकीत संच होता, वर एक झारा फुकट. त्यातलं पातेलं उचललं तर हाताला वजनच लागेना. बुडावर बोटाच्या पेरानं टकटक केली, तर टणकन जो आवाज आला तो थांबेचना. उथळ पाण्याला खळखळाट फार. दुकानातली बाई माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिच्याच डोक्यावर टकटक केली होती. पण सवय ती सवय. मी जुन्या भांडेवाल्याची मुलगी. पातळ बुडाचं भांडं घ्यायला माझा हात धजत नाही, आणि जाड बुडाचं नवं घेण्याची ऐपत नव्हती.

माझ्या पैशात चांगली भांडी मिळतील असं एकच दुकान मला माहीत होतं. ते बाबांचं होतं, आणि त्याची पायरी मी दोन वर्षांत चढले नव्हते.

बाबा वापरलेली भांडी विकतात. घरातली बाई गेली, घर रिकामं करायचं झालं, की लोक तिचे कपडे वाटून टाकतात, फोटो ठेवून घेतात आणि भांडी आमच्याकडे आणून टाकतात. बिडाची भांडी बाबा मागच्या अंगणातल्या भट्टीत घालतात. वर्षानुवर्षांचं तेल आणि काजळी जळून जाते. मग घासून घासून लोखंड राखाडी करतात. तरी काम संपत नाही. असं भांडं पुन्हा पहिल्यांदा चुलीवर चढलं, की आधीच्या बाईचा हात त्यातून एकदा, शेवटचा, बाहेर पडतो. वास येतो, कधी आवाज येतो. आमच्या दुकानात याला पहिली आच म्हणतात. ती गिऱ्हाइकाच्या घरी होऊ द्यायची नाही, दुकानातच उरकायची, हा बाबांचा नेम.

खोटं वाटेल. मलाही वाटलं असतं, पण मी त्याच दुकानात शाळेचा अभ्यास करून मोठी झाले. दुपारी बाबा शेगडी पेटवायचे, घासलेला तवा चढवायचे, वर तेलाचा थेंब टाकायचे आणि हात जोडून बाजूला बसायचे. एकदा रिकाम्या कढईतून उतू गेलेल्या दुधाचा वास आला आणि पाठोपाठ कुणीतरी जिभेनं च्‌ च्‌ केलं. मी पेन्सिल टाकून आईच्या कुशीत पळाले. "घाबरतेस काय वेडे," आई म्हणाली, "बिचारी निरोप घ्यायला आली होती." एकदा मात्र बाबा पहिली आच करायला विसरले. तो तवा नेलेली नवी नवरी तिसऱ्या दिवशी दारात उभी, पांढरीफटक. "काका, मी कांदा परतत होते आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, अजून थोडा होऊ दे." बाबांनी मुकाट्यानं पैसे परत केले.

आई वारली तेव्हा मी परीक्षेसाठी परगावी होते. धावत आले, सगळं उरकलं. पाचव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेले, तर आईचा तवा खिळ्यावर नव्हता. दांड्याचा, खोलगट, काळाकुळकुळीत बिडाचा तवा. तिचे दागिने मावशीनं नेले तरी मी हूं की चूं केलं नव्हतं. मला तेवढा तवा हवा होता. आई त्यात होती.

तो अंगणात सापडला. भट्टीशेजारी, राखाडी, आणि बाबा हातात ब्रश घेऊन त्याच्याकडे बघत बसलेले. बाई गेली, तिचा तवा समोर दिसला, हातांनी काम करून टाकलं. तीस वर्षांत त्यांनी गेलेल्या बाईच्या तव्याचं दुसरं काही केलंच नव्हतं. हे मला आता कळतं. तेव्हा मी किंचाळले, "तिलाही पुसून टाकलीत? मांडा आता दुकानात!" दुपारच्या गाडीनं मी निघून गेले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आई आम्हा दोघांना म्हणायची. त्या पिळाला धरून आम्ही दोन वर्षं काढली.

आता दुकानात शिरले तर बाबा काउंटरमागे उभे होते. शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी मला पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काय दाखवू?" त्यांनी विचारलं. गिऱ्हाइकाला विचारतात तसंच.

"एकटीपुरतं हवंय. थोडक्यात बसवा."

"एकटीला तीन पुरतात. झाकणाचं पातेलं, दुधाला एक लहान आणि एक बिडाचा तवा. बाराचा संच घेणं म्हणजे नऊ भांडी घासायची शिक्षा."

मला हसू आलं, ते मी गिळलं. त्यांनी एक पातेलं काउंटरच्या काचेवर ठेवून मधोमध बोट दाबलं. ते डुगडुगलं. "बूड वाकलंय. आचेवर एकीकडे जळेल, एकीकडे कच्चं राहील." बाजूला सारलं. दुसरं स्थिर बसलं. दांडा रिव्हेटनं बसवलेला होता, नुसता चिकटवलेला नव्हता. झाकण त्यांनी गोल फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. दुधाचं भांडं निवडायला तर मिनिटही लागलं नाही. मी मात्र त्यांच्या हाताकडेच बघत होते.

"तवा मी निवडते," मी म्हटलं.

मागच्या फळ्यांवर तवे पालथे घातलेले होते. डोळे फसतात, म्हणून मी डोळे मिटून हातानं शोधायला लागले. हा हलका. याला चीर गेलीय, आवाज फुटका येतोय. याची कड खरबरीत. सगळ्यात वरच्या फळीवर, अगदी मागे, कापडात गुंडाळलेला एक हाताला लागला. दोन्ही हातांनी उतरवावा लागला. कापड सोडलं. टकटक केली. जाड, खालच्या पट्टीतला आवाज आला आणि जागच्या जागी थांबला. असा तवा नव्या दुकानात माझ्या पगारात आलाच नसता. मी तो काउंटरवर आणून ठेवला. तसूभर हलला नाही.

"हा."

बाबांचा चेहरा उतरला. "तो विकायचा नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "का? चांगला माल गिऱ्हाइकांना आणि पोटच्या पोरीला उरलासुरला?"

"त्याची पहिली आच झालेली नाही."

"मग करा ना. आत्ता करा."

मी रागानं तवा उलटा केला, आणि माझं बोट कडेवरून फिरता फिरता अडलं. डावीकडची कड झिजून आत गेली होती. आई डावखुरी होती. ढवळून झालं की चमचा ती तिथेच झटकायची, वर्षानुवर्षं.

मी त्या कडेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"दोन वर्षं?" मी विचारलं.

"रोज दुपारी उतरवतो. शेगडीपर्यंत नेतो. परत ठेवतो." बाबा तव्याकडेच बघत बोलत होते. "एकदा केली की संपलं गं. मग नुसतं लोखंड. आणि तुला न विचारता एकदा भट्टीत घालून बसलो होतो. दुसऱ्यांदा नव्हतं करायचं."

म्हणजे ती पुसली गेलीच नव्हती. शेवटची, एकदाची, अजून शिल्लक होती. मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला वाटलं, ही माझी एकटीची. यांनी तीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, पुरे झालं.

"मी घेऊन जाते," मी म्हटलं. "माझ्या खोलीत करीन."

"ने."

त्यांनी तवा कागदात गुंडाळला आणि सुतळी बांधायला घेतली. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. मी मदत केली नाही, नुसती बघत राहिले. तिसऱ्या वेळेला सुतळी हातातून खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "काही बोलली, तर मला येऊन सांगशील?"

मी कागद फाडला. "शेगडी पेटवा, बाबा."

शटर अर्धं ओढून घेतलं. दोन स्टुलं शेगडीजवळ ओढली. बाबांनी तवा चढवला, तेलाचा एक थेंब टाकला आणि हात जोडून बसले. मी माझे हात मांड्यांखाली दाबून धरले.

आधी नुसता तापल्या लोखंडाचा वास आला. मग बराच वेळ काहीच नाही. मला भीती वाटली, की आपण फार उशीर केला.

मग लसूण. दुकानात लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. आधी कच्चट, मग खमंग, मग तांबूस होत चाललेला. बाबांनी डोळे मिटले. मी नाकानं, तोंडानं, मिळेल तिथून तो वास आत ओढत होते. मग तो करपायला लागला. लागणारच होता. बोलायच्या नादात आईचा लसूण हमखास करपायचा, आणि आई दिवसभर बोलायची.

"जळतंय!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. घरात ओरडायचो तसंच.

शेगडीचं बटण सावकाश फिरलं. ज्योत बारीक झाली. बाबांचे हात जोडलेलेच होते, माझे मांड्यांखाली. कडेवर चमचा झटकल्याचा आवाज आला, दोनदा. माझ्या मानेवर कुणाचा तरी श्वास लागला, ऊबदार, घाईतला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती नव्हती हे दिसलं असतं.

मग वास विरळ होत गेला. आम्ही बसून राहिलो. तव्यात तेलाचा एक थेंब होता आणि त्याला फक्त तेलाचा वास होता.

बाबांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. त्यांनी तव्याच्या दांड्याला हात लावला, चटका बसला तरी काढला नाही, मी ओढून काढला.

"गेली," ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी फोनवर ते फक्त "लवकर निघ" म्हणाले होते. लोक येऊन सुटली म्हणाले, देवाघरी म्हणाले. हा शब्द मात्र आम्ही दोघं एकमेकांना कधीच बोललो नव्हतो. आता तो बोलून बाबा लहान मुलासारखे रडत होते आणि माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणावं, अशी त्यांची आशा असावी.

मी त्यांचा भाजलेला हात माझ्या हातात घेतला.

"हो बाबा," मी म्हटलं. "गेली."