रॅम्पच्या टोकाचा दगड

आमच्या पंचायतीच्या कचेरीची समोरची भिंत एकदा येऊन बघाच. भिंत म्हणून ती दिसतच नाही, नुसते संगमरवरी दगड दिसतात. बाकाचं उद्घाटन, वाचनालयाचं उद्घाटन, गटारावरच्या झाकणांचं लोकार्पण. मागे त्या भिंतीलाच रंग दिला, तर त्या रंगाचाही दगड तिच्यावर बसवला. बाक रस्त्याकडे पाठ करून बसवलाय, त्यावर बसणाऱ्याला हे दगड वाचण्यावाचून दुसरा उद्योग नाही. वाचनालयाची किल्ली कुणाकडे असते हे वाचनालयालाही माहीत नसावं. गटाराची झाकणं कुणाकुणाच्या अंगणात कपडे धुवायला गेली. दगड मात्र सगळे जागच्या जागी, घासूनपुसून लख्ख. वर सरपंचांचं नाव ठसठशीत आणि खाली कामाचं नाव, चष्मा लावून वाचावं असं.

मला हे तोंडपाठ आहे, कारण मी शिवणकाम करते आणि त्या दगडांवरचे छोटे पडदे माझ्याच मशीनवर शिवले जातात. दोरी ओढली की पडदा बाजूला, टाळ्या, फोटो. पडद्याचं कापड पंचायतीचं, दोरी पंचायतीची. डोकेदुखी माझी.

माझा नवरा पंचायतीचा नळवाला होता. गाव त्याला हरकतराव म्हणायचं. सालाबादच्या सभेत सरपंच वर्षभराची कामं वाचत आणि हा पठ्ठ्या मागच्या रांगेतून हात वर करी, "माझी एक हरकत आहे." लोक हसायचे. शेवटची तीन वर्षं त्याची एकच हरकत होती, पाण्याच्या टाकीची शिडी. लोखंडी शिडी, गंजून पापडासारखी झालेली, आणि तिच्यावरून याला रोज सकाळी पाण्यात औषध टाकायला वर चढावं लागे. सरपंच हसून म्हणत, "नोंद घेतली." मग एका सकाळी वरची पायरी त्याच्या हातात आली. ती पायरी हातात घट्ट धरूनच तो खाली पडला. चौघांनी टाकीखालून उचलून त्याला घरी आणलं. कमरेखालचं शरीर त्या दिवसापासून त्याचं राहिलं नाही.

पंचायतीनं चाकाची खुर्ची दिली. खुर्चीच्या पाठीवर सरपंचांचं नाव रंगवलेलं होतं, मी ते रॉकेलनं पुसलं. नोकरी माझ्या धाकट्या दिराला दिली, आणि ती देतानाचा चेहरा असा, की जणू आम्हाला गाव आंदण दिलं. शिडीची तुटलेली पायरी तारेनं बांधली. झालं शिडीचं काम.

टाकी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे, खिडकीतून दिसते. शिडी पलीकडच्या अंगाला आहे, ती मात्र दिसत नाही. म्हणून दोघा भावांनी आपसात ठरवून टाकलं. भावोजी वर पोचले की टाकीवर पान्याचा एक टोला देतात आणि खाली उतरले की खालच्या पाइपवर दुसरा. माझा नवरा खिडकीशी चहाचा कप हातात धरून बसतो. दुसरा टोला ऐकू येईपर्यंत कप ओठाला लावत नाही. रोज मी चहा गरम देते आणि रोज तो गार पितो. मी कधीतरी चिडून म्हटलं होतं, "अहो, तुम्ही चहा प्यायलात म्हणून कुणी पडत नाही." त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की परत म्हणून मी तोंड उघडलं नाही.

आता आमच्या पंचायतीची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सालाबादच्या सभेत काम पुकारलं की ज्यानं ते मागितलं त्यानं उभं राहून "मिळालं" म्हणायचं. त्याशिवाय काम पुरं झालं असं धरत नाहीत. एका घरातून मागणारा एकच, आणि त्याचं आधीचं काम पुरं झाल्याशिवाय त्याला दुसरं मागता येत नाही. नवीन मागायचं तर स्वतः सभेत हजर राहून मागायचं. पंचायतीच्या नोकरानं तर काहीच मागायचं नाही, म्हणजे भावोजींचं तोंड आधीच शिवलेलं. गेल्या वर्षी मी शिडीसाठी उभी राहिले, तर चिटणीस म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरचे मागणारे ते आहेत. त्यांना आणा." कचेरीला उंच पायऱ्या. भावोजी म्हणाले, आम्ही चौघं मिळून दादाला खुर्चीसकट उचलून आणतो.

माझा नवरा घरात बसून एवढंच म्हणाला, "चौघांनी मला एकदा उचललंय. आता चौघांनी उचलायचं ते एकदाच. तोवर मला हात लावायचा नाही."

मग वरून फतवा निघाला, की प्रत्येक कचेरीला चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्प हवा. सरपंचांना एक मागणारा हवा होता. वरून आलेल्या कामाला हजेरी लागत नाही म्हणे, त्यांनी न विचारता माझ्या नवऱ्याचं नाव घातलं. मला राग आला, त्याला मात्र आनंद झाला. इतक्या दिवसांत मी त्याला असं खुशीत बघितलं नव्हतं. "मी माझा वर जाईन," तो म्हणाला. "रॅम्प मिळाला म्हणेन, आणि त्याच दमात शिडी मागेन. बघू कसं नाही म्हणतात ते."

गवंडी भला माणूस. घरी येऊन खुर्चीची रुंदी मोजून गेला. चढ सोपा ठेवला, दोन्ही बाजूंनी धरायला पाइप लावले. रॅम्प वाळला तशी मी नवऱ्याला एकदा संध्याकाळी घेऊन गेले. मी ढकलायला गेले तर म्हणाला, "सोड." हातानं चाकं फिरवत तो एकटा वर ओसरीवर पोचला, कचेरीच्या बंद दारावर त्यानं टकटक केली आणि मोठ्यानं म्हणाला, "माझी एक हरकत आहे!" आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. तो माणूस मला परत मिळाला असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

सभेच्या आदल्या दिवशी चिटणीस दगडाचं माप घेऊन माझ्याकडे आले. रॅम्पचा दगड मोठा होता, मी पडदा शिवून दिला. दगड कुठे बसवणार हे मी विचारलं नाही. भिंत सोडून दगड दुसरीकडे बसेल असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

पण भिंतीवर जागाच उरली नव्हती.

सकाळी आम्ही ठेवणीतले कपडे घालून पोचलो, तर रॅम्पच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे तो ओसरीला मिळतो तिथे बरोबर मधोमध, विटांचा छातीएवढा ओटा उभा. त्यावर माझा पडदा. वर जाणाऱ्या प्रत्येकाला दगड दिसलाच पाहिजे म्हणून सरपंचांनी रातोरात बांधून घेतला होता. गवंडी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. मला म्हणाला, "मी सांगितलं होतं वहिनी. मला म्हणाले, तू विटा लाव."

सरपंचांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या. मग ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "या, पहिला मान तुमचा." तो चाकं फिरवत वर गेला. दगडापाशी खुर्ची अडली. डावीकडून माणूस अंग चोरून जाईल एवढी फट, उजवीकडून तेवढीही नाही. मग कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अरेच्चा," सरपंच म्हणाले, आणि खरं सांगते, त्यांना खरंच सुचलं नव्हतं. त्या माणसाला दगड दिसतो, दगडामागचं दिसत नाही. "काही हरकत नाही. चौघं जण उचलतील."

"नको," माझा नवरा म्हणाला. "दगड काढा."

"उद्घाटन झालेला दगड असा काढता येत नाही हो. ठराव लागतो. तुम्ही इथेच बसा, खिडक्या उघड्या आहेत, सगळं ऐकू येईल."

तर सभा आत आणि माझा नवरा बाहेर रॅम्पवर, चाकं घसरू नयेत म्हणून दोन्ही हातांनी पाइप धरून. मी आत खिडकीपाशी बसले. भावोजी दाराशी नोकरमंडळींत उभे होते. बाकवाला म्हणाला मिळालं, वाचनालयवाला म्हणाला मिळालं. खोटं बोलताना आमच्या गावाची जीभ कधी अडखळत नाही. मग चिटणिसांनी पुकारलं, "कचेरीचा रॅम्प."

मी खिडकीतून वळून बघितलं. नाही म्हणाला असता तर काम अपुरं राहिलं असतं आणि शिडी मागायचं दारच बंद झालं असतं. हे त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. दगडाच्या पाठीमागून त्याचा आवाज आला.

"मिळालं."

टाळ्या वाजल्या. आयुष्यभर ज्यानं खरं बोलून शिव्या खाल्ल्या, त्याला त्या चार विटांनी खोटं बोलायला लावलं होतं.

"नवीन कामं," चिटणीस म्हणाले. "कुणाला मागायचंय?"

"टाकीची शिडी," बाहेरून आवाज आला.

चिटणिसांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी घसा खाकरला. "मागणारा सभेत हजर पाहिजे."

"हजर आहे की!" मी ताडकन उभी राहिले. "हा काय, खिडकीबाहेर. आत्ताच त्यांचं 'मिळालं' तुम्ही बाहेरूनच घेतलंत ना?"

"वहिनी, ते काम संपल्याचं झालं. हे काम सुरू करायचं आहे. दोन्हींत फरक असतो," सरपंच समजुतीच्या सुरात म्हणाले. लहान मुलाशी बोलतात तसं ते माझ्याशी बोलतात, नेहमीच. "ते बाहेर आहेत, आणि बाहेर म्हणजे सभेत नव्हे. उद्या कुणीही रस्त्यावरून ओरडेल."

"मग दगड काढायचा ठराव करा!"

"तोही मागावा लागेल. सभेत हजर राहून."

सगळे हसले. मी काहीतरी फाडकन बोलणार होते, इतक्यात बाहेरून तो म्हणाला, "उचला मला."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. दाराशी उभ्या भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. "दादा, नको," ते म्हणाले.

"उचल म्हणतो ना. चल लवकर."

भावोजी धावले, गवंडी धावला, आणखी दोघं गेले. खुर्ची फटीतून येईना, पायऱ्यांकडून आणावी तर रॅम्पवरून मागे न्यायला हवी. शेवटी खुर्ची तिथेच ठेवून त्यांनी त्याला दगडावरून उचललं. त्याचा एक बूट दगडाला अडकून निघाला. भावाच्या खांद्यावर हात, पाय लोंबताहेत, सदरा वर सरकून पोट उघडं पडलेलं, आणि आत येताना मान ताठ. फोटोवाल्यानं पटापट फोटो काढले. मी धावत जाऊन आधी सदरा खाली ओढला.

त्याला आतल्या एका खुर्चीवर ठेवेपर्यंत सभेत पुन्हा टाळ्या वाजत होत्या. मला वाटलं त्याच्यासाठी.

"मंजूर," चिटणीस म्हणत होते. "पाण्याच्या टाकीला रंग. मागणारे, सरपंच."

"शिडी," माझा नवरा धापा टाकत म्हणाला. "माझी मागणी, टाकीची शिडी."

सरपंचांना वाईट वाटलं, तसं त्यांनी तोंडही केलं. "अहो, टाकीचा विषय आत्ताच संपला. एका जागेला वर्षात एकच काम. पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं, माझा शब्द." मग सभेकडे वळून, "बघा, या अवस्थेतही सभेला येतात. याला म्हणतात गावावरचं प्रेम!"

परतताना त्याला पुन्हा उचलावं लागलं. घरी आल्यावर मी बूट काढून पाय पुसायला बसले तेव्हा म्हणाला, "एकाच दिवसात दोनदा." मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्याला ते कळलं नसावं, गुडघ्याला तर काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी पाना घेऊन गेले. मी चहा दिला. वरचा टोला आला. तेवढ्यात चिटणीस दारात, हसतमुख. "वहिनी, नवा पडदा लागेल. टाकीच्या रंगाचा दगड आहे. सरपंच म्हणाले, तुमच्या रोजगाराचं बघायलाच हवं."

"कुठे बसवणार दगड?" या वेळी मी विचारलं.

"टाकीपाशीच, शिडीच्या बरोबर खाली. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो तिथून. ओटाही बांधायला घेतलाय."

माझ्या नवऱ्यानं कप न हलवता दुसरा हात वर केला. मागच्या रांगेतून करायचा तसाच. चिटणिसांना वाटलं हरकत आहे, ते गोरेमोरे झाले. पण तो त्यांना फक्त गप्प राहायला सांगत होता, कारण खालचा टोला अजून आला नव्हता.